हत्तीपाय आणि बोटांच्या बेचक्या

हत्तीपाय झाला की लोक जंताचं औषध शोधतात. औषध लागतंच, पण सूज वर्षानुवर्षं वाढवत नेण्यात मोठा हात असतो बेचक्यांतल्या चिखल्यांचा.

हत्तीरोगाच्या साधारण ९० टक्के रुग्णांत वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा जंत असतो. डास चावतो तेव्हा या जंताच्या अळ्या कातडीवर पडतात आणि चाव्याच्या छिद्रातून आत जातात. दोऱ्यासारखे प्रौढ जंत लसिकावाहिन्यांत (लसिका म्हणजे शरीरातलं जादा पाणी; ते वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) ६ ते ८ वर्षं राहतात. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात आणि पाणी पायातच साचतं. अशा पायातली कातडी चिखल्यांनी फाटली की जंतूंचं (जंतांचं नव्हे, बॅक्टेरियांचं) फावतं, कारण त्यांना हटवणारी लसिका तिथे धड वाहतच नसते.

मग थंडी वाजून ताप येतो, जांघेत अवधाण येतं, पाय लालबुंद होतो. असा प्रत्येक झटका कातडी आणखी जाड करून जातो. झटक्यात पाय उंचावर ठेवायचा, गार ओल्या फडक्याने शेकासारखा थंडावा द्यायचा, भरपूर पाणी प्यायचं आणि प्रतिजैविकासाठी डॉक्टर गाठायचा. गरम शेक, मालीश, पट्टी, व्यायाम बंद. डीईसीची, म्हणजे जंतावरच्या औषधाची, गोळीही झटक्यात घेऊ नये. नेमकी तेव्हाच ती घेतली जाते, हे दुर्दैव!

एरवी रोज पाय धुणं हाच खरा इलाज. साधं पाणी, सौम्य साबण. साबण सुजेच्या वरच्या टोकापासून, बहुधा गुडघ्यापासून, खाली लावत यायचा. ब्रश वापरायचा नाही, ओरखडे पडतात. घड्या आणि बेचक्या मऊ फडक्याने एकेक करून पुसून काढायच्या, ओतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. चुकतं ते यापुढे: पाय ओला राहतो. टिपून, अगदी बेचक्यांतसुद्धा कोरडा करा. कातडी पांढरी, ओलसर दिसली तर बुरशीवरचं मलम लावा.

झोपताना पलंगाची पायाकडची बाजू उंच करा (हृदयविकार असेल तर आधी विचारा). झटका नसताना आधार धरून दोन्ही टाचा उचलणं, बसल्या बसल्या घोटा फिरवणं, जमेल तितकं. पोटरीचा स्नायू हाच इथला पंप. पादत्राण रुंद हवं, पाय घासला जाऊ नये.

रक्ततपासणीबद्दल एक: या जंताची पिल्लं बहुतेक ठिकाणी रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून नमुना रात्री १० ते २ मध्ये घेतात. जुन्या सुजेत ती बहुधा सापडतच नाहीत, तेव्हा अहवाल निर्दोष आला म्हणून धुणं सोडू नका.

हत्तीरोगातल्या अंडवृद्धीवर (वृषणाभोवती पाणी साचून येणाऱ्या सुजेवर) मात्र हा इलाज चालत नाही. तिथे शस्त्रक्रियाच.