पाच नावांची यादी

भारतातल्या सर्कशींतून वाघ-सिंह गेले ते एका यादीमुळे. केंद्र सरकारने १४ ऑक्टोबर १९९८ रोजी काढलेल्या अधिसूचनेत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह अशी पाच नावे होती. या प्राण्यांना खेळ शिकवण्यास आणि त्यांचे खेळ लोकांपुढे करण्यास तिने मनाई केली. हा अधिकार सरकारला प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या १९६० च्या कायद्याने, त्याच्या बाविसाव्या कलमाने, दिलेला होता. म्हणजे जे कलम वापरायचे ते सुमारे तीस वर्षे पुस्तकातच पडून होते. १९९१ च्या मार्चमध्ये निघालेल्या पहिल्या अधिसूचनेत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या यांच्या जोडीला चक्क कुत्रा होता आणि सिंह नव्हता. सर्कसवाले न्यायालयात गेले, समिती नेमली गेली, कुत्रा यादीतून सुटला आणि १९९८ मध्ये सिंह आत आला.

या विषयाबद्दल मराठी माणसाला थोडे अवघडल्यासारखे व्हावे, याला कारण आहे. भारतीय सर्कशीचे जनक मानले जाणारे विष्णुपंत छत्रे सांगली भागातील अंकलखोपचे. मुंबईत आलेली कियारिनी यांची इटालियन सर्कस पाहून त्यांनी १८८० च्या सुमारास स्वतःची सर्कस उभी केली. पुढे पुण्याचे दामू धोत्रे वाघ-सिंहांचे शिक्षक म्हणून अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीपर्यंत पोहोचले. ही माणसे धाडसी होती, कसबी होती, आणि त्यांचा अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. मात्र त्यांच्या कौतुकाच्या लेखांत प्राण्याची बाजू सहसा दोन ओळींत आटोपलेली असते.

लहानपणी मी सर्कस पाहिली तेव्हा मला वाघांपेक्षा लोखंडी जाळ्यांचेच अप्रूप वाटले होते. विदूषक प्रेक्षकांना हसवत असताना कामगार एकेक जाळी आणून रिंगणाभोवती उभी करीत, एकमेकींना अडकवीत आणि मग मागच्या पिंजऱ्यांपासून रिंगणापर्यंत जाळीचा एक बुटका बोगदा जोडीत. त्या बोगद्यातून वाघ पोट जमिनीला टेकवल्यासारखे येत. खेळ काही मिनिटांचा असे. बाकीचा सारा दिवस तो प्राणी चाकांवरच्या पिंजऱ्यात असे, आणि मुक्काम हलला की पिंजराही हले. हंटरची चर्चा फार होते, पण मला वाटते की फिरत्या सर्कशीतली खरी क्रूरता या फिरण्यात होती. शिक्षक कितीही प्रेमळ असला, तरी दर काही आठवड्यांनी नव्या गावी जाणाऱ्या तंबूमागे वाघाला येरझाऱ्या घालण्यापुरती जागा कोण देणार?

सर्कसमालकांनी १९९८ च्या अधिसूचनेलाही आव्हान दिले. व्यवसायाच्या मूलभूत हक्कावर ही गदा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. केरळ उच्च न्यायालयाने जून २००० मध्ये ते फेटाळले. एवढेच नव्हे, तर मूलभूत हक्क माणसालाच का असावेत, असा प्रश्नही त्या निकालात विचारला गेला. १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बंदी कायम ठेवली. मग पिंजरे रिकामे करायचे ठरले, पण प्राणी ठेवायचे कुठे? जंगलात सोडणे शक्यच नव्हते, कारण त्यातले बहुतेक पिंजऱ्यातच जन्मलेले होते, आणि अनेक सिंह तर आशियाई व आफ्रिकी सिंहांच्या संकरातून झालेले होते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर अशा ठिकाणी बचाव केंद्रे उभारली. तिथे या सिंहांची पैदास करायची नाही, असे धोरण ठरले, म्हणजे ते म्हातारे होऊन मरेपर्यंत त्यांना सांभाळायचे. हा खर्च मला या कायद्यातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

माझा आक्षेप यादीच्या पद्धतीला आहे. यादीत नाव असेल तर बंदी आणि नसेल तर नोंदणी करून खेळ चालू, असा हा हिशेब. त्यामुळे वाघ गेले तरी हत्ती राहिला. ज्या प्राण्याला कळपाने मैलोन्‌मैल चालायचे असते तो साखळदंडात उभा राहून, झूल पांघरून, स्टुलावर बसून दाखवत राहिला. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातील प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत सर्कस आली, सर्कशींना प्राधिकरणाची मान्यता घेणे भाग पडले, आणि त्या वाटेने हत्ती हळूहळू रिंगणातून बाहेर पडू लागले. पाचाच्या जागी सहा नावे लिहिली असती, तर एवढा वळसा पडला नसता. पुढे २०११ मध्ये याच यादीत बैल आला आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात गेला. तो वेगळा विषय आहे, पण सर्कशीसाठी काढलेल्या यादीत एक नाव वाढले की केवढी उलथापालथ होते हे त्यातून दिसले.

नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राने सर्कशीत कोणताच प्राणी वापरू नये अशा नियमाचा मसुदा प्रसिद्ध केला. मला हीच दिशा योग्य वाटते, कारण फिरत्या तंबूत नीट राहू शकेल असा वन्य प्राणी नाहीच, तेव्हा नावे मोजायची कशाला? त्याबरोबर शिक्षेचे कलमही बदलायला हवे. खेळ करणाऱ्या प्राण्यांविषयीचे नियम मोडल्यास १९६० च्या कायद्यात जास्तीत जास्त ५०० रुपये दंड किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कैद क्वचितच होते, आणि ५०० रुपये म्हणजे सर्कशीच्या पुढच्या रांगेतली दोन-तीन तिकिटे.