घर ल्योराखला, नोकरी बाझेलला

माझे वडील बांद्याहून रोज सकाळच्या बसने म्हापशाला नोकरीला जात. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा लागत असे आणि इतक्या वर्षांत त्यांना तेथे कोणी परवाना विचारल्याचे मला आठवत नाही. आजोबांच्या तरुणपणी मात्र त्याच नाक्यापलीकडे पोर्तुगिजांचा अंमल होता आणि तो १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकला. जर्मनीतील ल्योराखमध्ये राहून स्वित्झर्लंडमधील बाझेलला रोज कामाला जाऊ लागल्यापासून मला या दोघांचीही आठवण येते. माझा प्रवास वडिलांपेक्षा कितीतरी लहान आहे. पण तो सुरू व्हायला दोन वर्षे लागली आणि त्यातला बराचसा काळ नियम उशिरा समजल्यामुळे गेला. म्हणून तो नियम येथे सविस्तर लिहीत आहे.

एका देशात राहून शेजारच्या देशात कामाला जाणाऱ्यांना इकडे ग्रेन्झगेंगर म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये असे सुमारे ४ लाख लोक येतात आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक फ्रान्समध्ये राहतात. त्यांना मिळणारा परवाना म्हणजे जी परवाना. युरोपीय संघाच्या नागरिकासाठी तो फारसा अवघड नाही. स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघ यांच्यात १ जून २००२ रोजी लागू झालेल्या मुक्त संचार करारामुळे त्याला नोकरीचा करार दाखवला की परवाना मिळतो. नोकरीचा करार वर्षाहून अधिक काळाचा असेल तर परवाना पाच वर्षे चालतो, आणि आठवड्यातून एकदा तरी घरी परतणे एवढीच मुख्य अट राहते.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. स्विस कायद्यानुसार अशा माणसाकडे शेजारच्या देशात कायम निवासाचा हक्क असावा लागतो, तो किमान सहा महिने त्या देशाच्या सीमापट्ट्यातच राहत असावा लागतो, आणि नोकरीही स्वित्झर्लंडच्या सीमापट्ट्यातच असावी लागते. या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. शिवाय ती जागा भरण्यासाठी स्विस किंवा युरोपीय उमेदवार मिळाला नाही, हे कंपनीने दाखवायचे असते आणि पगारही तेथील प्रथेप्रमाणे द्यायचा असतो. एकच सवलत आहे: स्वित्झर्लंडमध्ये राहण्यासाठी युरोपबाहेरच्यांना जे परवाने मिळतात, त्यांच्या वार्षिक कोट्यात जी परवाना मोजला जात नाही.

२०१८ मध्ये मी श्टुटगार्टमध्ये ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या परवान्यावर, काम करत होते, तेव्हा बाझेलच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली. जर्मनीचे निवासपत्र हातात आहे आणि शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांत, फिरताना कोणी अडवत नाही, तेव्हा सीमेजवळ घर घेतले की काम झाले, असे त्यांच्या मनुष्यबळ विभागालाही वाटले आणि मलाही. ते चुकीचे होते. शेंगेनमुळे पलीकडे पाहुणा म्हणून जाता येते, पण कामाचा हक्क मिळत नाही. आणि ब्लू कार्ड मुदतीचे असते, त्यामुळे त्याला कायम निवास मानत नाहीत. तीन आठवड्यांनी कंपनीने प्रस्ताव मागे घेतला. त्या दिवशी मला झालेले दुःख आजही खरे वाटते, कारण त्या कामासाठी मी मनापासून तयारी केली होती.

ब्लू कार्डवर २१ महिने काम झाले आणि जर्मन भाषेची बी-१, म्हणजे मध्यम, पातळी गाठली की कायम निवासासाठी अर्ज करता येतो. तो परवाना मला जून २०१९ मध्ये मिळाला. पण श्टुटगार्ट सीमापट्ट्यात येत नाही. म्हणून जुलैमध्ये मी फ्रायबुर्गला नोकरी धरली, ल्योराखला घर घेतले आणि सहा महिने मोजू लागले. त्या काळात रोज बाझेलच्या बाडिशर बानहोफवर गाडी बदलावी लागे. हे स्थानक जर्मन रेल्वेचे असले तरी उभे आहे स्विस भूमीवर. ज्या शहरात मला काम करायचे होते त्याच्या फलाटावर मी दिवसातून दोनदा उतरत होते आणि तेथे काम करण्याचा हक्क मला नव्हता.

दुसऱ्या एका कंपनीने माझ्यासाठी अर्ज केला आणि मार्च २०२० च्या सुरुवातीला परवाना आला. १६ मार्चला जर्मनीने सीमेवर तपासणी सुरू केली, लहान नाकी बंद झाली आणि कामावर जाणाऱ्यांना ठरावीक नाक्यांवरूनच सोडू लागले. तेव्हा जी परवान्याचे कार्ड जवळ नसते तर मी घरीच अडकले असते. त्याच वसंतात गोव्याची हद्दही बंद झाली आणि सिंधुदुर्गातून रोज तिकडे कामाला जाणारी किती तरी माणसे महिनोन्महिने घरी बसली. त्यांत माझा मावसभाऊही होता.

माझा पहिला परवाना एका वर्षाचा होता आणि तो देणाऱ्या कॅन्टनच्या, म्हणजे स्विस राज्याच्या, सीमापट्ट्यापुरताच चालत होता. नोकरी बदलायची तर पुन्हा परवानगी घ्यावी लागते. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या पोलिश सहकाऱ्याला यांपैकी एकही बंधन नाही. सहा महिन्यांच्या अटीमागचे कारण मला पटते, कारण ती नसती तर केवळ कागदावरचा पत्ता दाखवणारे अनेक निघाले असते. परंतु नोकरी बदलण्यावरचे बंधन मला अन्यायाचे वाटते. त्यामुळे वाईट वागणूक मिळत असली तरी माणूस राजीनामा द्यायला धजत नाही, आणि हे मी जवळून पाहिले आहे.

मग बाझेललाच राहायला का जात नाही, असे अनेकजण विचारतात. त्यासाठी कोट्यातला परवाना लागतो. आणि जर्मनीबाहेर सहा महिन्यांहून अधिक राहिले तर तेथील कायम निवासही सामान्यतः संपुष्टात येतो. ज्या हक्काच्या आधारावर जी परवाना उभा आहे तोच गेला, तर पुढे नोकरी सुटल्यास परत यायला जागा उरत नाही.

कराचीही कल्पना आधीच असलेली बरी. १९७१ च्या जर्मन-स्विस करारानुसार, जर्मन कर कार्यालयाचा रहिवासाचा दाखला कंपनीकडे दिला की स्वित्झर्लंड पगारातून जास्तीत जास्त साडेचार टक्के कापते. उरलेला कर जर्मनीत भरावा लागतो आणि तो पगारातून कापला जात नसल्यामुळे दर तिमाहीला आगाऊ भरायचा असतो. पहिल्या वर्षी मी पैसे बाजूला ठेवले नव्हते आणि तेव्हा फार ओढाताण झाली. कामामुळे वर्षात साठाहून अधिक दिवस घरी परतता आले नाही तर करासाठीचा ग्रेन्झगेंगरचा दर्जाच जातो.

गेल्या महिन्यात उल्महून एका मराठी मुलीने फोन केला. तिला बाझेलहून मुलाखतीचे बोलावणे आले होते आणि ती त्याच आठवड्यात घर बदलायला निघाली होती. तिला मी एवढेच सांगितले की आधी कायम निवास हातात घे, मग ल्योराख किंवा वाइलमध्ये घर बघ, आणि नगरपालिकेत पत्ता नोंदवल्याचा दाखला जपून ठेव, कारण सहा महिने पूर्ण झाल्याचे त्याच तारखेवरून दाखवायचे असते.