आईचा उजवा डोळा

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आज म्हापशात आईच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. डिचोलीला घरी येताच तिनं तुळशीकडे बघून विचारलं, "हा पांढरा रंग कधी काढलास रे?" रंग दोन वर्षांपूर्वीच्या चवथीचा! म्हणजे एवढे दिवस ती पिवळट बघत होती, आणि मी नुसता चष्म्याचा नंबर बदलून आणत होतो. रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरतात म्हणायची, तेव्हाच ओळखायला हवं होतं. मोतीबिंदू औषधाच्या थेंबांनी जात नाही, 'पिकेपर्यंत' थांबायचीही गरज नसते. दोन-तीन मिलिमीटरचा छेद, गढूळ भिंग काढून कृत्रिम बसवलं, झालं.

आता ती एकेक डोळा झाकून अबोलीचं फूल बघतेय. उजव्यानं केशरी, डाव्यानं अजून मातकट. डाव्याचीही तारीख घेतलीय.