बांधापलीकडचे हरीण: इलिनॉयच्या पाईक काउंटीतील चार दिवस

कॉफीचा पहिला घोट घेण्याआधीच यजमानांनी मला त्या नराचे छायाचित्र दाखवले. झाडाच्या खोडाला बांधलेला आणि समोर काही हलले की आपोआप चित्र टिपणारा जो ट्रेल कॅमेरा असतो, त्याने ऑक्टोबरमधल्या एका रात्री टिपलेले ते राखाडी चित्र होते. कापणी झालेल्या मक्याच्या रानाच्या कडेला जाड मानेचे एक हरीण उभे होते. त्याची शिंगे कपाळावरून मागे जाऊन पुढे वळलेली होती, आणि डाव्या शिंगाला उजव्यापेक्षा एक टोक जास्त होते. त्या टोकामुळे या घरात त्याचे नाव ‘लेफ्टी’ पडले होते. उत्तरेकडच्या शेजाऱ्याने त्याच हरणाला दुसरे नाव दिले होते, पूर्वेकडच्या डॉक्टरांच्या जमिनीवर त्याला तिसरेच नाव होते, आणि ओढ्यापलीकडचे दोघे भाऊ त्याला नुसते ‘सहा वर्षांचा’ म्हणत. जंगलातला एक प्राणी चार कुटुंबांच्या फोनमध्ये चार नावांनी राहत होता, आणि प्रत्येक घरात तो आपला आहे असेच मानले जात होते.

माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याचे वडील म्हणजे हे यजमान. वय अडुसष्ट, चार पिढ्यांची शेती. आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून निघालो, स्प्रिंगफिल्डपर्यंत दक्षिणेला आणि तेथून पश्चिमेला वळलो, आणि सुमारे साडेचार तासांनी पाईक काउंटीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या त्या जिल्ह्याच्या, पिट्सफिल्ड या मुख्य गावी पोहोचलो. मी शिकारी नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरच्या भारतात वाढल्यामुळे हरीण म्हणजे ताडोब्याच्या रस्त्यावर गाडी थांबवून पाहायचे चितळ, एवढीच माझी समजूत होती. पण सहकाऱ्याच्या बोलण्यात दर वर्षी नोव्हेंबर आला की जो आवाज उतरत असे, त्यात उत्साहाबरोबर काहीतरी दुखरेही असे. ते काय आहे हे मला जाणून घ्यायचे होते, म्हणून मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो.

पाईक काउंटी इलिनॉय आणि मिसिसिपी या दोन नद्यांच्या मध्ये आहे. शिकागोहून येताना जमीन परातीसारखी सपाट असते. येथे ती अचानक मोडते, टेकड्या, घळी आणि ओढे सुरू होतात, माथ्यावर सोयाबीन आणि मका, उतारांवर ओक आणि हिकरीची दाट झाडी. रात्री खायला धान्य, शरदात ओकची फळे आणि दिवसा लपायला घळ, इतके सगळे एका हाकेच्या अंतरात मिळाले तर पांढऱ्या शेपटीचे हरीण दुसरीकडे जाईल कशाला? तरीही एके काळी ही जनावरे या राज्यातून जवळजवळ नाहीशी झाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येथे शिकार बंद करावी लागली, आणि ती पुन्हा सुरू झाली 1957 मध्ये. यजमानांना लहानपणी ओल्या मातीत हरणाचा खूर उमटलेला दिसला तर घरात बातमी म्हणून सांगितली जाई. 1937 च्या एका संघीय कायद्यामुळे बंदुका आणि काडतुसांवरचा अकरा टक्के कर, जो पुढे धनुष्यबाणांवरही आला, वन्यजीवांसाठी राज्यांना मिळत गेला. आज देशभरात या हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते, त्यात शिकाऱ्यांनी भरलेल्या या पैशाचा वाटा मोठा आहे. हत्येबद्दलचा माझा संकोच या माहितीने गेला नाही, पण तो मनात धरून या माणसांकडे तुच्छतेने पाहणे मला अशक्य झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आम्ही निघालो. कपडे आठवडाभर बंद पेटीत ठेवलेले, साबण बिनवासाचा, आणि बुटांना घराचा वास लागू नये म्हणून ते कोठारातच घालायचे. यजमानांकडे अठरा मचाणे आहेत. इंग्रजीत त्याला ट्री स्टँड म्हणतात, पण वीस फुटांवर झाडाला साखळीने आवळलेल्या त्या लोखंडी बैठकीला मचाण हाच शब्द शोभतो. कोणत्या वाऱ्याला कोणत्या मचाणावर बसायचे, हे एका वहीत लिहिलेले होते. त्या दिवशी वारा वायव्येचा होता, म्हणून घळीच्या आग्नेय टोकाचे दोघांचे मचाण. कंबरेला आणि खांद्यांना पट्टे बांधून मी त्यांच्याशेजारी बसलो आणि सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून, म्हणजे कायद्याने बाण सोडता येतो त्या घटकेपासून, पुढचे पाच तास हललो नाही.

त्या पाच तासांबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण या माणसांची निष्ठा मला तेथे कळली. थंडी आधी बोटांत आणि मग दातांत शिरते. एक खार पाचोळ्यातून गेली तरी छातीत धडधड होते. सातच्या सुमारास एक मादी धावत आली, आणि तिच्या मागे नाक जमिनीला लावून, घोरल्यासारखा आवाज करत एक तरणा नर. नोव्हेंबरचा मध्य हा त्यांच्या माजाचा काळ, आणि वर्षभर रात्रीच फिरणारा सावध नर या दोन आठवड्यांत दिवसाढवळ्या भान हरपून हिंडतो. तो नर आमच्यापासून पंधरा पावलांवर थांबला. आठ टोकांची, माझ्या डोळ्यांना भव्य वाटणारी शिंगे होती. यजमानांनी धनुष्याला हातही लावला नाही. नर निघून गेल्यावर ते माझ्या कानाशी म्हणाले, “तीन वर्षांचा. अजून तीन वर्षे द्यायला हवीत.” हरणाची ही शिंगे दर हिवाळ्यात गळतात, वसंतात मखमली कातडीखाली पुन्हा फुटतात आणि चार-पाच महिन्यांत पूर्ण वाढतात. पाचव्या ते सातव्या वर्षी ती सर्वांत भरदार होतात. म्हणजे मोठे शिंग हवे असेल तर तोच प्राणी बाणाच्या टप्प्यात आला असताना दर वर्षी त्याला जाऊ द्यावे लागते, आणि पुढच्या वर्षी तो जिवंत असेलच याची खात्री कोणी देत नाही. लेफ्टीला यजमानांनी असे दोनदा जाऊ दिले होते.

कोठाराच्या फळीवर लेफ्टीची तीन वर्षांची गळलेली शिंगे ओळीने ठेवलेली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर यजमान आणि त्यांच्या पत्नी मैलोन्‌मैल चालून ती शोधतात. तिसऱ्या वर्षीचे मनगटाएवढे, चौथ्या वर्षीचे लांब, पाचव्या वर्षी पहिल्यांदा उगवलेले ते डावीकडचे जादा टोक. त्या फळीवर हात फिरवणाऱ्या माणसाला नुसता मारेकरी म्हणून मोकळे होणे मला जमले नाही.

पैशाचा विषय दुपारी निघाला, आणि तो माझ्या सहकाऱ्यानेच काढला. 1990 च्या दशकात पाईकच्या हरणांची कीर्ती देशभर झाली आणि बाहेरचे शिकारी येऊ लागले. त्यांना घर, जेवण, मचाण आणि वाटाड्या पुरवणाऱ्यांना येथे आउटफिटर म्हणतात. पाच दिवसांसाठी चार-पाच हजार डॉलर हा सर्रास दर आहे, आणि परराज्यातल्या माणसाला परवान्याचे चारशेहून अधिक वेगळे. हे आउटफिटर शेतकऱ्यांकडून शिकारीपुरती जमीन वर्षाच्या कराराने घेतात. आपल्याकडे कसायला जमीन खंडाने देतात, तसा हा शिकारीचा खंड. पीक शेतकऱ्याचे, पाऊलवाट आउटफिटरची. यजमानांना एकराला तीस डॉलर देऊ केले गेले होते. त्यांच्या चारशे एकरांचे वर्षाला बारा हजार होतात, आणि मक्याचा भाव पडलेल्या वर्षी ती रक्कम नाकारणे सोपे नसते. त्यांनी नाकारली. उत्तरेच्या शेजाऱ्याने स्वीकारली. दोघे एकाच शाळेत शिकलेले, एकमेकांच्या लग्नात उभे राहिलेले, आणि सहा वर्षांपासून त्यांचे बोलणे बंद होते.

यात मला यजमानांची बाजू पूर्ण पटली असे नाही. न देण्यासाठी त्यांनी स्वतः केलेला खर्चही कमी नव्हता. हरणांसाठीच पेरलेले क्लोव्हर या चाऱ्याचे आणि मुळ्याचे चौदा एकर रान, फोनवर चित्र पाठवणारे बावीस कॅमेरे, दर महिन्याची त्यांची वर्गणी. शेजाऱ्याने जमीन दिली तेव्हा त्याच्या पत्नीच्या आजारपणाचा खर्च चालू होता, हे मला सहकाऱ्याने गाडीत सांगितले. घरात ते कोणी उच्चारत नव्हते. मात्र एक गोष्ट मला टोचली. गावातल्या ज्या मुलांनी पूर्वी कोणाच्याही दारावर टकटक करून “आज तुमच्या रानात बसू का?” असे विचारले असते, त्यांना आता विचारायला दार उरलेले नाही. रान एकतर खंडाने गेलेले असते किंवा मोठ्या शिंगांसाठी राखलेले.

अमेरिकेच्या कायद्यात वन्य प्राणी कोणाच्याही मालकीचा नसतो. राज्य तो जनतेच्या वतीने सांभाळते, आणि शेताचा मालक हा त्यातल्या हरणाचा मालक नव्हे. पण त्या हरणापर्यंत पोहोचण्याची वाट खासगी जमिनीतून जाते, आणि बाण लागलेले हरीण बांध ओलांडून गेले तरी शेजाऱ्याच्या परवानगीवाचून त्याच्या मागे जाता येत नाही. हेव्याचे मूळ मला येथे दिसले. आपण पेरलेले खाऊन, आपल्या घळीत झोपून, आपण सहा वर्षे राखलेला जीव एका रात्री मादीच्या मागे कुंपणाची एक तार ओलांडतो आणि दुसऱ्याचा होतो. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी बांध हातभर सरकला म्हणून भाऊबंदांच्या दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. येथे बांध जागेवरच होता, भांडण त्यावरून उडी मारणाऱ्यावरून होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सहकाऱ्याचा फोन वाजला. शेजाऱ्याच्या रानात लेफ्टी पडला होता.

यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “कोणी?” जॉर्जियाहून आलेल्या एका पाहुण्याने, पाच दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी ते स्वतःहून म्हणाले की आपण जाऊन पाहू. निघताना त्यांनी कोठारातली ती सहा शिंगे एका गोणपाटात गुंडाळली आणि गाडीच्या मागच्या आसनावर ठेवली. कशासाठी, हे आम्ही विचारले नाही.

शेजाऱ्याच्या कोठारात दहा-बारा माणसे जमली होती. तो पाहुणा ट्रक दुरुस्त करणारा चाळिशीचा माणूस निघाला. सहा वर्षे पैसे साठवून तो आला होता आणि हरणाच्या मानेवर हात ठेवून रडत होता. मी मनात त्याची जी प्रतिमा घेऊन आलो होतो, ती त्याला पाहताच मला टाकून द्यावी लागली. मग मोजणी झाली. बून अँड क्रॉकेट क्लब ही 1887 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी पुढाकार घेऊन स्थापन केलेली संस्था, आणि शिंगांच्या मोजणीची तिची पद्धत सर्वमान्य आहे. मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक टोकाची लांबी, दोन्ही बाजूंचे चार-चार घेर आणि मधले अंतर हे सारे इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतात, आणि डावे-उजवे जेथे जुळत नाही तेथे फरक वजा करतात. अधिकृत मोजणी शिंगे साठ दिवस वाळल्यावर होते, ही कच्ची होती. एकूण आले 173 4/8. लेफ्टीचे ते डावीकडचे टोक, ज्याने त्याला ओळख दिली, जोडीदार नसल्यामुळे संपूर्ण वजा झाले, त्यात बारीकसारीक फरक मिळून 4 6/8 गेले आणि उरले 168 6/8. क्लबच्या सार्वकालिक यादीची किमान मर्यादा अशा शिंगांसाठी 170 आहे. आकडा उच्चारला गेला तेव्हा कोठारातल्या काही चेहऱ्यांवर समाधान उतरलेले मी पाहिले, आणि खेदाने लिहितो, ते यजमानांच्या चेहऱ्यावरही क्षणभर उतरले.

तेथल्या एका वृद्ध टॅक्सिडर्मिस्टने, म्हणजे मेलेल्या प्राण्यांची मुंडकी पेंढा भरून टिकवणाऱ्या कारागिराने, मला जेम्स जॉर्डन यांची हकिकत सांगितली. 1914 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या डॅनबरीजवळ त्यांनी एक नर मारला आणि मुंडके टिकवण्यासाठी एकाकडे दिले. तो माणूस ते घेऊन दुसरीकडे राहायला गेला आणि मुंडके हरवले. अनेक वर्षांनी मिनेसोटातल्या एका घरगुती विक्रीत कोणीतरी ते तीन डॉलरला विकत घेतले. 206 1/8 इतका त्याचा आकडा भरला, आणि 1971 मध्ये तो जागतिक विक्रम ठरला, पण मारणाऱ्याचे नाव अज्ञात म्हणून. जॉर्डन यांचे नाव त्यापुढे लागले 1978 मध्ये, आणि तोवर ते वारले होते. तो विक्रम 1993 मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवानच्या मायलो हॅन्सन या शेतकऱ्याने 213 5/8 ने मोडला. त्या कारागिराने ही हकिकत सांगितली ती यजमान आणि त्यांचा शेजारी या दोघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

शेजारी कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा होता. यजमान त्याच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, “चांगला नर होता.” तो म्हणाला, “तुमच्याच रानात वाढला.” यजमानांनी मान हलवली. त्यापुढे दोघांपैकी कोणालाच वाक्य सापडले नाही, आणि कोणीतरी हरणाचे पाय बांधायला दोरी मागितली म्हणून शेजारी आत गेला.

परतताना गाडी यजमानांनीच चालवली. खडीच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला मागच्या आसनावरच्या गोणपाटात शिंगे एकमेकांवर आपटत होती. घरी पोहोचल्यावर त्यांनी गोणपाट उचलले, कोठारात नेले, आणि दिवा लावून ती सहाही पुन्हा फळीवर वर्षांच्या क्रमाने मांडली.