अवकाळीच्या दिवसांत पागा आणि मेंढवाडा

सोमवार, संध्याकाळ

हवामान खात्याचा पिवळा इशारा आलाय. ठाणे, पालघर, रायगडला विजांसह पाऊस, सोसाट्याचा वारा. डिसेंबरातल्या अशा बातमीवर शहरात चार विनोद होतात आणि विषय संपतो. पागेत आणि मेंढवाड्यात मात्र पुढच्या दोन-तीन दिवसांचं सगळं वेळापत्रक बदलतं. 2017 च्या डिसेंबरात ओखी वादळाच्या शेपटाने मुंबई-ठाण्याच्या शाळा बंद ठेवायला लावल्या होत्या. 2021 च्या डिसेंबरात, अगदी पहिल्याच दोन दिवसांत, जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात उघड्यावरच्या मेंढ्या गारठून मोठ्या संख्येने मेल्या. बर्फ नव्हता, पारा शून्याच्या आसपासही नव्हता. लोकर भिजलेली, वर वारा आणि पोट रिकामं. या तिन्ही गोष्टी एका रात्रीत जमून आल्या की एवढं पुरतं.

ठाण्याचा हिवाळा 16-17 अंशांच्या खाली फारसा जात नाही. अंग कोरडं असेल तर घोड्याला ही हवा उन्हाळ्यापेक्षा कितीतरी सुखाची. म्हणून अवकाळीत जनावराला ऊब देण्याच्या मागे लागू नये. पाठ कोरडी, पायाखालची जमीन कोरडी आणि पोटात वैरण, एवढं सांभाळावं. ऊब त्याची ते तयार करतं.

आपल्याकडच्या शेडची एक गंमत आहे. शिळफाटा, दहिसर मोरी, कल्याणच्या बाजूला कुठलाही गोठा बघा: पक्की भिंत नैऋत्येला आणि पश्चिमेला, कारण चार महिने झड तिकडून येते. उत्तर आणि पूर्व बाजू हवेसाठी मोकळी. थंडीत रात्रीचा वारा नेमका उत्तर-ईशान्येकडून येतो आणि पावसाळ्यात कामाला येणारी भिंत निरुपयोगी ठरते. त्यामुळे आज संध्याकाळी ताडपत्री बांधायची ती उत्तर आणि पूर्वेला. जमिनीपासून साधारण पाच फुटांपर्यंतच. वरचा दीड-दोन फूट भाग छपरापर्यंत उघडा ठेवायचा. सगळं गच्च बंद केलं की लीद आणि मुताचा अमोनिया आत कोंडतो, श्वासनलिका सुजते, आणि पाऊस गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी खोकला आणि न्यूमोनिया सुरू होतो. दोष थंडीवर जातो. खरा दोष बंद दाराचा. तपासायचं तर मेंढीच्या नाकाच्या उंचीला, म्हणजे उकिडवं बसून, श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर मेंढ्या रात्रभर तेच घेतायत.

ताडपत्रीला वरून आडवा बांबू आणि खालून आडवा बांबू, दोन्ही बाजूंना सुंभाने आवळून. नुसती कोपऱ्यांच्या कड्यांना बांधलेली ताडपत्री रात्री फडफडते आणि त्या आवाजाने घोडी दावं तोडते. पत्र्याचे ‘J’ आकाराचे हुक हाताने हलवून बघायचे, रबरी वॉशर सुकून चिरलेले असतील तर बदलायचे. वारा एका बाजूने आत शिरला की छपराला खालून उचलतो, म्हणून कडेच्या पत्र्यांवर वाळूची पोती ठेवतात. ती दोरीने एकमेकांना जोडा, नाहीतर तीच खाली पडतील.

आणि वीज. शेडमधली लोंबती वायर, लोखंडी खांब आणि ओली जमीन, वर घोड्याच्या पायाला लोखंडी नाल. माणसाला झिणझिण्या येतील इतक्या गळतीने घोडा जागेवर कोसळू शकतो. शेडच्या लाइनला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवाच. नसेल तर पाऊस सुरू झाल्यावर मेन बंद, आणि बॅटरीवर काम. यात चालढकल करणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. त्या उपकरणाची किंमत एका नालबंदीच्या खर्चाच्या आगेमागे असते.

सोमवार, रात्र

चारा कसा द्यायचा यावर दर वर्षी वाद. थंडी आली, दाणा वाढवा, असं बरेच मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे, सांगतात. उलट करायचं. शरीर गरम राहतं ते वैरणीच्या धाग्यांमुळे: घोड्याच्या मोठ्या आतड्यात आणि मेंढीच्या पोटात वैरण तासन्‌तास आंबत राहते, त्यातून उष्णता निघते. दाणा लवकर पचून संपतो. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सात किलो सुकी वैरण लागते. वादळाच्या दिवसांत त्यात किलो-दीड किलो वाढवायची, आणि वाढवलेला भाग रात्री शेवटच्या फेरीला घालायचा. मुरबाड-शहापूरकडचं डोंगरी सुकं गवत असेल तर उत्तम, कडबा असेल तर कुट्टी करून. भाताचा पेंढा घोड्याला अंथरायला; पोट भरायला नाही. अधाशी घोडी रात्रभर पेंढा चघळते आणि सकाळी पोट गच्च.

थंड हवेत घोडा पाणी कमी पितो. वैरण वाढली, पाणी घटलं की आतड्यात गोळा बसतो. पोटशूळाचं हे सगळ्यात साधं कारण. दिवसात 25 ते 30 लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. टाकीतून परस्पर पिणाऱ्या जनावराचं किती गेलं ते कळत नाही, म्हणून या दिवसांत बादलीनेच पाजायचं आणि मोजायचं. पाणी कोमट केलं तर जास्त पितात. चंदीत, म्हणजे घोड्याच्या रोजच्या दाण्यात, 30 ग्रॅम साधं मीठ घातलं की तहान लागते.

मेंढीला किलोभर सुकी वैरण, तुरीचा किंवा हरभऱ्याचा भुसा मिळाला तर तोही. काळजीपोटी ओंजळीने मका-ज्वारी घालणारे असतात. सवय नसलेल्या मेंढीला अचानक दाणा दिला की पोटात आम्ल वाढतं, ती दात खाते, हगवण लागते आणि थंडीऐवजी दाण्याने जाते. 100 ग्रॅमच्या वर एकदम वाढवू नये.

मंगळवार, दुपार

पहाटेपासून झोडपतोय. भिजलेल्या घोड्यावर लगेच झूल टाकायची नाही. ओल्या केसांवर जाड झूल म्हणजे पाठीवर ओला बोळा बांधून ठेवणं. आधी घाम-पाणी निपटायच्या पत्तीने पाणी काढा, मग पेंढ्याच्या चुंबळीने केसांच्या उलट दिशेने रगडा. कान, छाती आणि मांड्यांच्या आतली बाजू विसरू नका. मग पाठीवर सुक्या पेंढ्याचा जाड थर, त्यावर सैल विणीचं गोणपाट, आणि पोटाखालून ढिला पट्टा. पेंढ्यातून हवा खेळते, वाफ वर येऊन गोणपाटाच्या बाहेरच्या बाजूला दव धरते. तासाभराने पेंढा काढला की पाठ कोरडी मिळते. कोरडी झाल्यावर झूल. खरारा त्यानंतर, ओल्या अंगावर नाही. चिखलाचे कण कातडीत घुसतात आणि खरवडलेल्या जागी बुळबुळीत खपल्या धरतात. अशा खपल्या दिसल्या, केसांचे झुपके खपलीसकट निघायला लागले, तर त्या घोड्याचा ब्रश आणि झूल वेगळी ठेवा, कारण तो जंतूंचा त्रास आहे, ब्रशाने पसरतो.

तुळशीचं लग्न झाल्यापासून वरातींचा हंगाम आहे. पावसाने वराती रद्द, घोड्या ठाणबंद. इथे एक धोका लपलेला असतो. रोज काम करणारी घोडी दोन-तीन दिवस पूर्ण चंदी खाऊन उभी राहिली आणि चौथ्या दिवशी एकदम वरातीला जुंपली, की मागचे पाय ताठ होतात, पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात, घाम फुटतो, लघवी गडद तपकिरी येते. पुष्कळ जण याला मुरगळ समजून चालवतात. चालवलं की स्नायू आणखी तुटतात आणि तो रंग मूत्रपिंडांवर जातो. जागेवर उभं करा, पाणी द्या, डॉक्टरांना बोलवा. टाळायचं असेल तर कामाला सुट्टी मिळाली त्याच दिवशी चंदी निम्मी करा, वैरण तशीच ठेवा, आणि शेडच्या आतल्या आत दोन वेळा वीस-वीस मिनिटं फिरवा.

पोटशूळाची लक्षणं सगळ्यांना माहीत असतात: पोटाकडे वळून बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, लोळणं, लीद बंद. माहीत नसते ती नाडी. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटांना शीर लागते, तिथे पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. निवांत घोड्याची 28 ते 44. साठच्या वर गेली तर घरगुती उपाय बंद. बाटलीने तेल किंवा काढा पाजायचा मोह नको, डोकं वर धरून ओतलेलं औषध फुप्फुसात जातं. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटातला दाब नळीनेच काढावा लागतो, आणि नळी डॉक्टरांनीच घालायची. परळचा बैलघोडा दवाखाना एकोणिसाव्या शतकापासून आहे, पण मुंब्रा बायपासला पाणी साचल्यावर तिथवर घोडा नेणं म्हणजे दुसरं संकट. संशय आला की लगेच फोन, अंधार पडायची वाट बघू नये.

मंगळवार, रात्र

फिरत्या कळपातल्या मेंढ्यांचा भाग वेगळा, कारण त्यांना छप्पर नसतं. पारनेर-संगमनेरकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाडासकट फिरणारे कळप, दिवाळीनंतर घाट उतरून कल्याण-भिवंडीच्या शेतांत येतात, भात कापलेल्या खाचरांत खतासाठी मेंढ्या बसवतात. खाचर हे पाणी साठवायलाच बनवलेलं असतं. चारी बाजूंना बांध, तळ चिकण. पाऊस आला की वाघुरीच्या, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या, आत घोटाभर पाणी. म्हणून वाघूर लावायच्या आधी खालच्या कोपऱ्यातला बांध फावड्याने हातभर फोडून ठेवायचा, शेतमालकाला विचारून, आणि नंतर परत घालून द्यायचा. शक्य असेल तर खाचर सोडून वरकस जमिनीवर, माळावर बसवायचं. एकट्या आंब्याखाली नाही. विजेत तिथेच जनावरं जातात. तारेच्या कुंपणालगतही नको.

गारठ्यात मेंढ्या आपोआप एकमेकींना चिकटतात, ते चांगलं. पण वीज कडाडली की वाऱ्याच्या दिशेने एका कोपऱ्यात ढीग होतो आणि खालची कोकरं चेंगरतात. वाघूर कोपऱ्यांत गोल वळवून लावली तर ढीग कमी होतो. कोकरं मोठ्यांतून काढून वेगळी, डालग्याखाली किंवा पालात. नुकती कातरलेली मेंढी सगळ्यात धोक्यात: लोकर वाढेपर्यंत तिच्या अंगावर काहीच नाही. हवामानाचा अंदाज न बघता कातरणी धरू नये.

गळालेलं कोकरू हातात आलं की आधी त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड आतून गार लागलं तर ते खरंच गारठलंय. मग थर्मामीटर गुदद्वारात. 102 ते 103 फॅरनहाइट म्हणजे ठीक. 99 ते 102 च्या मधे असेल तर पुसून कोरडं करा, चीक पाजा: किलोला 50 मिली, म्हणजे अडीच किलोच्या कोकराला 125 मिली, दिवसातून चार वेळा. 99 च्या खाली असेल आणि कोकरू मान धरत नसेल तर बाटली तोंडाला लावायची नाही, ते गिळणार नाही, गुदमरेल. आणि पाच-सहा तासांपेक्षा मोठं कोकरू असेल तर नुसतं शेकायचंही नाही. त्याच्या अंगातली साखर संपलेली असते. शेकल्यावर शरीर जागं होतं, साखर मागतं, मिळत नाही, झटके येऊन मरतं. आधी ग्लुकोज, तेही डॉक्टरांकडून पोटात इंजेक्शनने, मग शेक. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 आहे. शेकायला पुठ्ठ्याचा खोका आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पुरते. चुलीच्या अगदी जवळ ठेवलेलं कोकरू एका बाजूने भाजतं.

गुरुवार

ऊन पडलं. आता घाई करायची नाही. ओलं, कोवळं फुटलेलं गवत दिसलं की मेंढ्या त्यावर तुटून पडतात आणि पोटफुगी किंवा आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याचा आजार, होतो. सकाळी आधी सुकी वैरण, दव सुकल्यावर चराई, पहिल्या दिवशी तास-दोन तासच. घाटावरच्या मंडळींनी पावसाने फुटलेल्या ज्वारीच्या धसकटांपासून कळप लांबच ठेवावा, त्या कोवळ्या फुटव्यांत सायनाइड तयार होतं.

लंगडणाऱ्या मेंढ्या वेगळ्या करून खुराच्या बेचक्यात बघा. घाण वास, पांढुरकी सडलेली कातडी असेल तर दहा टक्के झिंक सल्फेटचं पाणी, म्हणजे दहा लिटरला एक किलो, तीन इंच खोल पत्र्याच्या कुंडात. पाच-दहा मिनिटं उभ्या करून नंतर तासभर कोरड्या फरशीवर. लगेच चिखलात सोडल्या तर औषध वाहून जातं. मोरचूद काही जण वापरतात, पण मेंढीला तांबं सोसत नाही, कुंडातलं पाणी प्यायली तर यकृत जातं.

घोड्यांचे चारी खूर उचलून तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचा साफ करा. काळा, कुजकट वासाचा चिकटा आला तर कोरडं करून पोव्हिडोन आयोडिनचा बोळा रोज. नालेचे खिळे हलतायत का बघा, चिखलाने ओढलेली नाल अर्धी सुटून तळवा कापते.

गवताची गंजी भिजली असेल तर आज संध्याकाळच्या आत लोखंडी पहार मधोमध खुपसून ठेवा, वीस मिनिटांनी बाहेर काढा. पहार तापून हातात धरवत नसेल तर गंजी लगेच फोडायची, भारे सुटे करून उन्हात उलटायचे, आणि जवळ पाण्याचं पिंप ठेवायचं, कारण फोडताना हवा लागली की पेट घेऊ शकते. बुरशीची पांढरी धूळ उडणारे भारे घोड्यांच्या गव्हाणीत जाता कामा नयेत. ते खतात. चंदी उद्यापासून, चार दिवसांत हळूहळू पूर्वीच्या मापावर.