कुफरी चिपसोना-३ : ७५, ९० आणि १०० व्या दिवसाच्या काढणीच्या नोंदी

कुफरी चिपसोना-३ ही वेफर्सच्या बटाट्याची जात. ती लागवडीपासून कितव्या दिवशी काढावी हे बघायला चार ओळी लावल्या. त्यातल्या तीन काढून झाल्या, चौथी ११० व्या दिवसासाठी राखली आहे. लागवड नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, अंतर ६० बाय २० सेंमी, मोजणीला प्रत्येक ओळीत २० झाडं. ओळीचं क्षेत्र २.४ चौरस मीटर, म्हणजे ओळीतला १ किलो एकरी साधारण १.७ टनांच्या हिशेबाचा. दोन्ही टोकांची झाडं मोजणीत धरलेली नाहीत. त्यांना जागा आणि ऊन जास्त मिळतं, त्यामुळे आकडा फुगतो.

७५ आणि ९० या ओळी पाला हिरवा असतानाच खणल्या. १०० ची ओळ वेगळी: ८५ व्या दिवशी पाणी तोडलं, ८८ व्या दिवशी पाला जमिनीलगत विळ्याने कापला आणि १२ दिवस बटाटा मातीतच ठेवला. ९० आणि १०० या दोन ओळींचं वजन जवळजवळ सारखं भरलं. तसंच भरायला हवं होतं, कारण पाला गेला की बटाट्याचं पोसणं थांबतं. वजन ठरवते ती पाला कापल्याची तारीख, खणल्याची नव्हे. तुलना करताना दोन्ही तारखा लिहा, नाहीतर “दहा दिवस थांबूनही उत्पन्न वाढलं नाही” असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

ते १२ दिवस मिळवून देतात ती पक्की साल. ७५ आणि ९० च्या बटाट्याची साल अंगठ्याने दाबून सरकवली की सुटते. १०० च्या बटाट्याची सुटत नाही. सुटणारी साल म्हणजे पोत्यात घासून जखमा, त्यातून पाणी उडणं आणि कूज. पाला उपटू नका, कापाच. उपटताना वरंबा फुटतो आणि बटाटे उघडे पडतात. कापल्यावर भेगा मातीने बुजवा, कारण बटाट्यावरील पतंग त्याच वाटेने आत शिरतो. बुंध्याला नवे फुटवे आले तर पुन्हा कापा. ते बटाट्यातलंच अन्न खातात.

मिठाच्या पाण्याची चाचणी सगळ्यांनी करावी. १० लिटर पाण्यात १.२५ किलो मीठ पूर्ण विरघळवलं की घनता १.०८० च्या आसपास येते. त्यात बुडणाऱ्या बटाट्यात शुष्क भाग (पाणी सोडून उरतो तो) साधारण २० टक्के किंवा जास्त असतो आणि वेफर्सला तेवढा हवाच. १०० च्या ओळीतले बहुतेक बटाटे बुडाले, ७५ चे बहुतेक तरंगले. तरंगणारा मोठा बटाटा मात्र चिरून बघा, आत पोकळी असली तरी तो तरंगतो. नेमका आकडा हवा असेल तर जाळीच्या पिशवीत १ किलो बटाटे घेऊन पाण्यात बुडवून तोला, पिशवीचं पाण्यातलं वजन वजा करा. बटाट्यांचं वजन पाण्यात ७४ ग्रॅम भरलं तर १००० भागिले ९२६, म्हणजे १.०८०. बटाट्याला चिकटलेले बुडबुडे हलवून काढा, त्यांच्यामुळे पाण्यातलं वजन कमी दिसतं.

आता तळणी, कारण खरी फसगत इथेच होते. प्रत्येक ओळीतले पाच बटाटे घेतले, मधून उभे काप, जाडी दीड मिमी, धुऊन कोरडे केले, तेल १८० अंशांवर, बुडबुडे थांबेपर्यंत सुमारे ३ मिनिटं. १ लिटर तेलात एका वेळी ५० ग्रॅमच काप टाका, जास्त टाकले की तेल गार पडतं. ७५ च्या ओळीचा रंग त्या दिवशी बरा दिसला, पण काप तेलकट निघाले. पाणी जास्त, म्हणून तेल जास्त. कोवळ्या बटाट्यात सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, भरपूर असतं. सुक्रोज स्वतः तांबूस होत नाही, पण साठवणीत त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या तळताना तांबूस होणाऱ्या साखरा सुटतात आणि तोच बटाटा काही आठवड्यांनी करपट तपकिरी तळला जातो. म्हणून प्रत्येक ओळीची तळणी दोनदा हवी: काढणीनंतर लगेच आणि तीन आठवड्यांनी. मेडिकलमधली लघवीतल्या साखरेची पट्टी ताज्या कापावर दाबली तर ग्लुकोजचा अंदाज येतो, सुक्रोज मात्र ती दाखवत नाही.

काप उभाच घ्या, कारण फक्त देठाकडचं टोक काळवंडलं तर दोष काढणीच्या तारखेचा नसतो. पोसण्याच्या काळात बसलेला उष्णतेचा किंवा पाण्याचा ताण त्यात दिसतो. उशिरा दिलेला युरिया पाला हिरवा ठेवतो आणि पक्वता पुढे ढकलतो, तेही तपासून घ्या.

उपवासाच्या वाळवणाला रंगाची एवढी धास्ती नको. काप उकळत्या पाण्यातून काढताना साखर पाण्यात उतरते, म्हणून गोडसर बटाट्याचे वेफर्सही पांढरे राहतात. वजनातला फरक मात्र राहतोच: ५ किलो सोललेल्या बटाट्यात २० टक्के शुष्क भाग असेल तर तो १ किलो, १६ टक्के असेल तर ८०० ग्रॅम.

काढलेले बटाटे सावलीत, हवेशीर, १० ते १५ दिवस मुरवायचे. ढीग त्याच पाल्याने झाकू नका, पतंगाची अंडी तिथूनच येतात. तळणीचा बटाटा फ्रिजमध्ये अजिबात नको: ४ अंशांना स्टार्चची साखर होते. ठेवलाच असेल तर दोन-तीन आठवडे १८ ते २० अंशांना बाहेर ठेवा. साखर बरीच उतरते, पूर्ण नाही.

चौथ्या ओळीचा पाला ९८ व्या दिवशी कापला आहे. फेब्रुवारीअखेर माती तापायला लागते. पाल्याची सावली गेलेल्या वरंब्यात बटाटा जोरात श्वसन करतो, शुष्क भाग घटतो आणि साखर पुन्हा चढू शकते. रोज दुपारी २ वाजता १० सेंमी खोलीवर तापमान मोजणं चालू आहे. ते ३० अंशांवर गेलं आणि साल धरलेली असली, तर ११० ची वाट न पाहता ओळ पहाटेच काढायची.