सीसी खात्याचं मायनस आणि जर्मनीचा बिझनेस व्हिसा : माझा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं दुकान आहे, वडलांपासून. जर्मनीतल्या एका मसालेवाल्याशी मेलवर बोलणं चालू होतं, तो म्हणला ऑक्टोबर 2025 मध्ये कोलोनला अनुगा म्हणून खाण्यापिण्याच्या मालाचं मोठं प्रदर्शन आहे, 4 ते 8 तारीख, तिथं या, समोरासमोर बोलू. म्हणलं चला.

आधी एक एजंट गाठला. पैसे घेतले आणि म्हणतो टुरिस्ट म्हणून टाकू, सोपं पडतं. आता आमंत्रणाच्या पत्रात स्वच्छ लिहिलंय की हा माणूस मालाच्या बोलणीला येतोय, आणि फॉर्मवर मी फिरायला चाललोय असं लिहू? दिलेले पैसे गेले म्हणायचं आणि पुतण्याला घेऊन फॉर्म घरीच भरला. पत्रावर माझं नुसतं नाव-आडनाव होतं, पासपोर्टवर वडलांच्या नावासकट, म्हणून ते पण परत मागवलं.

खरी अडचण बँक स्टेटमेंटची. पुतण्या प्रिंट बघून म्हणला, "काका, हे सगळं मायनसमध्येच दिसतंय की." दिसणारच! सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, बँकेनं ठरवून दिलेल्या लिमिटपर्यंत उचल घेऊन माल भरायचं खातं. सीझनला माल भरला की यार्डात कुणाचंही सीसी खातं बघा, तळालाच असतंय. आपल्या लेखी तो धंदा चालू असल्याचा पुरावा, तिकडच्या साहेबाला वाटायचं हा बुडालाय. मेहुणा म्हणला पाच लाख सेव्हिंगला टाकतो, नंतर परत दे. सीए एकदम भडकले, असे अचानक आलेले पैसे उलट डोळ्यात भरतात म्हणले. मग सेव्हिंगचं स्टेटमेंट वर, सीसीचं त्याच्या मागं, सोबत बँकेचं लिमिट मंजुरीचं पत्र, तीन वर्षांचे रिटर्न, जीएसटी, आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, स्पाइसेस बोर्डाचं रजिस्ट्रेशन, आणि कव्हर लेटरमध्ये सरळ लिहिलं की उणे दिसते ती रक्कम म्हणजे गोडाऊनमधली हळद आहे, हा घ्या स्टॉक.

इन्शुरन्स 30,000 युरोचा लागतो, तो ऑनलाइन पाच मिनिटात झाला. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, हे फोटोवाल्याला आधीच सांगा.

रात्रीच्या एसटीनं पुणे, सकाळी व्हिसा सेंटर. फी 90 युरो, वर त्यांचा सर्व्हिस चार्ज, सगळं रुपयात. कागद बघून झाले आणि बोटांचे ठसे काय मशीन घेईना. आयुष्यभर हळकुंडं मोडून रंग बघितलेली बोटं ही, रेषा राहिल्यात कुठं! तिथल्या पोरीनं ओला टिश्यू दिला, मी पुसला तर पिवळा. "काका, घरात लग्न आहे का?" म्हणली. चौथ्या वेळी घेतले एकदाचे.

बाराव्या दिवशी पासपोर्ट कुरियरनं आला. स्टिकरवर 3 ते 25 ऑक्टोबर बघून मी खूश, म्हणलं येताना स्वित्झर्लंड पण करू. पुतण्यानं खाली बोट ठेवलं, दिवस 8. म्हणजे 25 पर्यंत कधीही जा, पण राहायचं आठच दिवस, उतरायचा आणि निघायचा दिवस दोन्ही धरून. नशीब परतीचं तिकीट 10 चंच होतं.

2 तारखेला दसरा होता. सकाळी दुकानात काट्याची पूजा केली आणि संध्याकाळी मुंबईची गाडी धरली.